नावेला शिवलेलं कव्हर

आमच्या सुरतेतल्या बमरोलीच्या घरात कव्हर नसलेली एकच वस्तू म्हणजे पंखा, आणि तोही छताला टांगलेला आहे म्हणून सुटला. बाकी फ्रिज, टीव्ही, मिक्सर, कूलर, पाण्याचा फिल्टर, शिलाई मशीन, सगळ्यांना आईने शिवलेली कव्हरं आहेत. फ्रिजच्या कव्हरला खिसे आहेत, त्यात बिलं आणि रबरं राहतात. माझ्या डिग्रीच्या सर्टिफिकेटला फ्रेम आहे, फ्रेमला काच आहे आणि काचेवर जांभळ्या जॉर्जेटचा पडदा आहे. पाहुणे आले की आई तो बाजूला करते, वाचून झालं की परत ओढते.

याला कारण आहे. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने. कपड्याचा बारीक तूस दिवसभर उडतो आणि दिसेल त्यावर बसतो. माझे वडील, त्यांना मी दादा म्हणते, धुळ्याकडच्या गावातून इथे आले आणि तेव्हापासून लूमवरच आहेत. आई घरी साड्यांचे लोंबणारे धागे कापायचं काम करते. त्या कामातून कापडाचे तुकडे, उरलेली लेस असं काहीबाही तिच्याकडे जमतं. त्याची कव्हरं होतात. सगळं पॉलिस्टर. सुरतेत दुसरं काय मिळणार?

मी आमच्या दोन्हीकडच्या खानदानातली पहिली पदवीधर. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकले, नंतर सरकारी कॉलेजातून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. ज्यांच्या घरी तीन पिढ्या शिकलेल्या असतात त्यांना हे सांगायची गरज पडत नाही, मला पडते आणि मला ते आवडतंही.

नोकरी इच्छापोरच्या एका शेडमध्ये. आमचे शेठ पूर्वी फायबरच्या टाक्या आणि छोट्या बोटी बनवायचे. मग त्यांच्या डोक्यात सूर्यावर चालणाऱ्या मालवाहू नावेचं आलं, आणि त्यासाठी त्यांना इलेक्ट्रिकलचं माणूस हवं होतं. ते माणूस म्हणजे मी. छपराच्या जागी सोलर पॅनल, खाली बॅटऱ्या, मागे मोटर, आणि बॅटरीतली वीज मोजूनमापून मोटरला देणारा कंट्रोलर. हा कंट्रोलर पुढे सुकाणूजवळ एका खोक्यात बसतो. तो काम करताना तापतो, म्हणून खोक्याला वर आणि बाजूला जाळी आणि आत छोटा पंखा. खोक्याचं चित्र मी काढलं होतं.

आमची पहिली नाव उकाईच्या जलाशयात गेली. सुरतेच्या नळाला तापीचं पाणी येतं ते वर उकाईला अडवलेलं असतं, हे शाळेत शिकवतात. त्या पाण्याने मागच्या डोंगरातल्या पाड्यांचे रस्ते गिळले, हे शिकवत नाहीत. तिथे कित्येक ठिकाणी अजून नाव हाच रस्ता आहे. रेशनचा तांदूळ, मीठ, तेल, पत्रे, सिमेंट, शाळेच्या खिचडीचं सामान, सगळं नावेने जातं आणि तूर, मोहाची फुलं, मासळी नावेने येते. नावा डिझेलच्या. डिझेल संपलं तर तेही नावेनेच आणायचं, म्हणजे मालाच्या जागेत कॅन ठेवायचे. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा एका घरी भात खाल्ला आणि त्याला डिझेलचा वास होता. त्या घरातल्या बाईच म्हणाल्या की आमचा तांदूळ असाच असतो, आता वास नसला तर पोरं विचारतील.

पाड्यांची मिळून एक मंडळी, म्हणजे सहकारी संस्था, होती. तिने नाव घ्यायचं ठरवलं, पण पक्कं नाही. होळीपर्यंत चालवून बघू, होळीच्या बाजाराचा माल नीट ओढला तर ठेवू, नाही तर नाव सुरतेला परत आणि आम्ही आमच्या डिझेलला. असं बोलणं झालं होतं. शेठनी ते मान्य केलं.

नाव चालवायला मंडळीने जो माणूस दिला तो तिथला जुना नावाडी. स्वतःची लाकडी नाव, स्वतःचं डिझेल इंजिन. नवी नाव चालवायची म्हणून त्याने इंजिन उतरवून काठावर ठेवलं होतं आणि ते विकत घ्यायला खालच्या गावचा एक जण मागे लागला होता. नावाडी लहान असताना आईबापांबरोबर बारडोलीकडे ऊस तोडायला जायचा. पाचटात झोपलेला माणूस होता तो. नावेमुळे ते सुटलं, आणि त्याच्या पोरांनी ऊस कधी तोडला नाही. म्हणजे ही नाव चालली नाही आणि तोवर इंजिनही विकून बसला, तर त्याच्या घराने पुन्हा उसाचा रस्ता धरायचा, हे त्याला आणि मला दोघांनाही माहीत होतं. इंजिनाचं गिऱ्हाईक तो आज नको उद्या असं म्हणत लटकवून ठेवायचा.

शिकायला तो आठवडाभर सुरतेला आला. शेडमधल्या मेसचं जेवण त्याला जाईना, मी त्याला आमच्याकडे घेऊन आले. आईने कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला आणि दोघांचं जमलं. तो तिला बहीण म्हणू लागला. दादांशीही त्याच्या गप्पा व्हायच्या. दादांना लूममुळे कमी ऐकू येतं. नावेला आवाज नाही म्हटल्यावर त्यांनी त्याला विचारलं, आवाज नाही तर ती चालू आहे हे कळतं कसं? तो म्हणाला, पाणी मागे जातं ना दादा. दादांना हे पटलं नाही. आवाज न करता काम करणारं यंत्र त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नाही आणि त्यावर त्यांचा विश्वासही नाही.

आई त्याला रोज विचारायची, तुझ्या त्या मशीनचं डोकं केवढं आहे? तो दोन्ही हात पसरून दाखवायचा. मी ऐकलं होतं, पण माझ्या डोक्यात काही आलं नाही. जायच्या दिवशी आईने त्याला एक गाठोडं दिलं. भाकरी असतील असं मला वाटलं. भाकरी होत्याच.

थंडीत नाव पाण्यात उतरली. नारळ फुटला, मी दोन दिवस थांबून सगळं तपासलं आणि परत आले. थंडीभर काही तक्रार नाही. नावाड्याला नेटवर्क मिळायला टेकडी चढावी लागायची, तरी तो आठवड्याला एकदा फोन करायचा आणि काय काय नेलं ते सांगायचा. एकदा एका बाईला दवाखान्यात नेलं, आणि इंजिनचा धडधडाट नसल्याने ती वाटेत झोपली, हे त्याने विशेष करून सांगितलं.

ऊन वाढलं आणि फोनची भाषा बदलली.

"ताई, नाव थकते."

थकते म्हणजे काय, हे मी विचारलं. तो म्हणाला, सकाळी चांगली असते. दुपारी माल भरून निघालो की अर्ध्या पाण्यात मंद होते, मग बसते. जरा बसू दिली की आपली उठते आणि चालू लागते. बैलाबद्दल बोलावं तसं तो बोलत होता. मी विचारलं, खोक्यावर काही ठेवलंय का, जाळी बंद झालीय का? तो म्हणाला, नाही ताई, त्याच्यावर मी काहीच ठेवू देत नाही. पोरांना हातसुद्धा लावू देत नाही. पॅनल पुसता का? रोज पुसतो. वायरी घट्ट आहेत का? आहेत.

शेठ म्हणाले बॅटरी गेली असणार. दुपारीच का जाते, हे त्यांना सांगता येईना. नवी बॅटरी होळीआधी येणं शक्य नव्हतं. माणूस वाईट नाही, पण धंदा करतो. ते म्हणाले, होळी झाली की नाव उचलून आणू, शेडमध्ये उघडून बघू, पुढच्या वर्षी पाहू. मी म्हटलं, पुढच्या वर्षी नावाडी तिथे नसेल. त्यांनी मला दोन दिवसांची सुट्टी दिली आणि गाडीभाडंही दिलं.

भुसावळकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीने मी निघाले. ही आमच्या लोकांची गाडी. डब्यात सगळे लग्नाला नाही तर होळीला निघालेले, आणि सगळ्यांच्या पिशव्यांत सुरतेच्या साड्या. उतरून जीप केली आणि काठावर पोचले तेव्हा नाव भरली जात होती. होळीच्या बाजाराचा माल. गूळ, फुटाणे, साखरेचे हार, नारळ, तेलाचे डबे, शिवाय रेशनचा तांदूळ आणि कुणाच्या तरी घराचे पत्रे. नावाड्याने मला बघून हात जोडले आणि लगेच इंजिनाच्या गिऱ्हाइकाकडे बोट दाखवलं. तो माणूस झाडाखाली बसला होता. काठावर उघड्या पडलेल्या इंजिनापासून फार लांब नाही. आज संध्याकाळी हो किंवा नाही सांग, नाही तर मी दुसरीकडून घेतो, असं तो म्हणून आला होता.

मंडळीचे प्रमुख स्वतः नावेत बसणार होते. वयस्कर, कमी बोलणारे. ते गुळाच्या पोत्यावर बसले आणि म्हणाले, चला बघू तुमचा सूर्य. मी सुकाणूजवळ बसले नाही, मागे मोटरपाशी बसले, कारण माझाही संशय बॅटरीच्या वायरींवर होता.

ऊन डोक्यावर आलं. नाव नीट चालली होती. पाण्याचा आवाज आणि पत्र्यांची खडखड एवढंच. तांदळाच्या पोत्यांना वास नव्हता हे मी मुद्दाम वाकून पाहिलं. मग समोरून वारा सुरू झाला, मोटरला जोर लागू लागला, आणि डोंगराच्या वळणाच्या अलीकडे नाव मंद झाली. अजून मंद झाली. मग नुसती तरंगत राहिली.

नावाड्याने बांबू हातात घेतला, पण तिथे बांबू टेकण्याएवढं उथळ पाणी नव्हतं. प्रमुख म्हणाले, ही थकली वाटतं. माझ्याकडे बघून नाही, पाण्याकडे बघून म्हणाले.

मी पोती ओलांडत पुढे गेले. सुकाणूजवळची फळी उचलली. खालच्या कोनाड्यात खोकं होतं, आणि खोक्यावर गुलाबी साटीनचं कव्हर होतं. चारही बाजूंनी घट्ट, खाली इलास्टिक, कडेला चंदेरी लेस. ती लेस मला ओळखायला वेळ लागला नाही. आमच्या फ्रिजला तीच आहे.

मी हात लावला तर कव्हर गरम. इलास्टिक ओढून काढलं तेव्हा आतून भट्टीसारखी धग आली. पंखा बिचारा फिरत होता, पण बंद पिशवीत फिरून काय करणार? कंट्रोलर तापला की आधी वीज कमी करतो आणि मग स्वतःला बंद करतो, जळू नये म्हणून. थंड झाला की पुन्हा चालू. थंडीच्या दिवसांत कव्हरातही त्याचं भागत होतं. ऊन आलं, वारा समोर आला, माल जास्त झाला, की थकायचा. नावाड्याने वर्णन अगदी बरोबर केलं होतं, आणि माझ्या प्रश्नाचं उत्तरही खरं दिलं होतं. खोक्यावर त्याने काही ठेवलं नव्हतं. कव्हर म्हणजे ठेवलेली वस्तू थोडीच असते. आमच्या घरी कुणाला विचारलं की फ्रिजवर काय आहे, तर तेही काही नाही असंच म्हणतील.

"हे कधी घातलं?"

"तुमचं काम संपलं, तुम्ही गेल्या, त्याच दिवशी," तो म्हणाला. "बहिणीने दिलं होतं. नव्या वस्तूवर धूळ नको म्हणाली."

मी त्याला समजावलं, की याला वारा लागतो, झाकलं तर गुदमरतं. तो ऐकत राहिला. मग प्रमुखांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "ताई, घरी सांगू नका. त्यांनी इतक्या मनाने शिवलं. मी त्यांच्या हातचं जेवलोय."

मी कव्हर घडी करून त्याच्या हातात दिलं. आम्ही वाट पाहत बसलो. प्रमुखांनी साखरेच्या हाराच्या पिशवीतून एक तुटकं कडं काढून चोखायला घेतलं आणि मलाही दिलं. थोड्या वेळाने नावाड्याने वेगाचा दांडा पुढे केला, नाव निघाली, आणि पलीकडच्या शेवटच्या पाड्यापर्यंत समोरच्या वाऱ्यात न थांबता गेली.

माल उतरल्यावर प्रमुख म्हणाले, "कापडामुळे नाव थांबते?" त्यात विश्वास कमी होता. त्यांच्या जागी मी असते तरी तसंच म्हटलं असतं. इतक्या दिवसांचं दुखणं एक बाई येते आणि फळी उचलून बरं करते, असं कुठे होतं? मी म्हटलं, माझ्या सांगण्यावर जाऊ नका. उद्या याच वेळी, एवढंच वजन घालून, पुन्हा चला. त्यांनी मान हलवली.

परत आलो तेव्हा काठावर गिऱ्हाईक वाट पाहत होतं. नावाडी त्याच्याशी बोलला आणि परत आला. उद्या सांगतो म्हणालो, असं म्हणाला. मग विचारलं, "उद्या थांबली तर?"

मी त्याला खोटा धीर दिला नाही. म्हटलं, थांबली तर इंजिन विकू नका, नाव आम्ही घेऊन जाऊ. नाही थांबली तर तुमचं तुम्ही ठरवा. पण मला विचाराल तर ती थांबणार नाही, कारण मी हे शिकलेय.

शेवटचं वाक्य जरा जास्त झालं असेल. पण ते मी बोलले, आणि रात्री त्याच्या घरी भात खाताना त्याची बायको मला पुन्हापुन्हा वाढत होती.

दुसऱ्या दिवशी वजनाला माल कमी पडला म्हणून पाड्यावरची माणसंच नावेत बसली. बायका, म्हातारे, होळीला उसावरून परत आलेली काही घरं. सगळ्यांना माहीत होतं की कशासाठी बसायचंय. मी यावेळी सुकाणूशेजारी बसले, फळी उघडी ठेवून. डोंगराच्या वळणाच्या अलीकडे सगळे पाण्याकडे बघू लागले. वारा कालच्यासारखाच होता. खोक्यातला पंखा मोठ्याने फिरू लागला, गरम हवा माझ्या पायाला लागत होती. वळण आलं, गेलं. एक म्हातारी नावाड्याला म्हणाली, आता उतरव मला, माझ्या वजनाचं काम संपलं. सगळे हसले. प्रमुख हसले नाहीत, पण परतताना त्यांनीच सांगितलं की नाव राहील.

आणखी एक गोष्ट त्यांनी विचारली, ती सरळ होती. पावसाळ्यात सूर्य आठवडा आठवडा दिसत नाही, तेव्हा काय? मी सांगितलं की बॅटरी थोडं ओढेल, पण झडीच्या दिवसांत पूर्ण माल ओढणार नाही. तेव्हा डिझेल लागेल. शेठ असते तर त्यांनी हे इतकं उघड सांगितलं नसतं. प्रमुख नावाड्याला म्हणाले, मग इंजिन विकायचं कशाला? मंडळी त्याची देखभाल करेल, पावसात तुझी लाकडी नाव चालव, उरलेल्या वर्षात ही. नावाडी गिऱ्हाइकाकडे गेला आणि यावेळी नाही म्हणून आला. तो माणूस चिडला, बराच वेळ बडबडला. नावाडी ऐकून घेत उभा होता, पण त्याचे खांदे काल होते तसे नव्हते.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. नावाड्याने नको म्हटलं होतं, पण आमच्या घरात माणसांना लपवून जपायची पद्धत नाही, वस्तूंना आहे. आई धागे कापत होती. कात्री थांबली.

"त्याले वारा लागस, हाई माले कोन सांगं?"

कुणी सांगितलं नव्हतं हे खरं होतं. दादा पलंगावरून म्हणाले, आवाज करणारी असती तर कळलं असतं ना काय झालं ते. त्यांना ऐकू कमी येतं, पण नको ते नेमकं येतं.

शेठना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं की खोक्याचा आकार बदलायचा. त्यांनी विचारलं, नुसतं लिहून लावलं तर, की झाकू नका? मी म्हटलं, लिहिलेलं खराब होऊ नये म्हणून त्यावर प्लास्टिक लावतील, मग कव्हर घालतील. ते हसू लागले, तेव्हा मी त्यांच्या गाडीच्या सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक दाखवलं. गाडी चार उन्हाळे जुनी आहे. आता आमच्या खोक्याला वर उतार आहे आणि बाजूला बाहेर आलेले पत्र्याचे पंख आहेत, कुठलंच कव्हर त्यावर बसत नाही. आमच्यासारख्या घरांमध्ये जाणारी वस्तू आमच्यासारख्या घरांना ओळखून बनवावी, एवढं मला कळतं, आणि ते मला कॉलेजात जाण्याआधीपासून कळत होतं.

होळीनंतर नावाड्याने फोटो पाठवला. नावेचा असेल असं वाटलं. फोटोत काठावरचं डिझेल इंजिन होतं, आणि त्यावर गुलाबी साटीनचं कव्हर, चंदेरी लेससकट. खाली निम्मं इंजिन उघडंच. मी तो आईला दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"आखूड पडनं," ती म्हणाली. "माले माप आनी दे."

पुढच्या वेळी तपासणीला गेले तेव्हा माझ्या हत्यारांच्या पिशवीत आईची टेप होती. नावाड्याने एक टोक धरलं, मी दुसरं. बंद इंजिनाला झाकायला काही हरकत नसते.